रुसलेलं पातेलं

मुलगी मागायची तर लोक निदान माणसाला खाली बसवून मागतात. मालकीणबाई दोन्या ओर्तेन्सियानं एर्लिंदाकडे तिची पोर मागितली ती उभ्या-उभ्या, ओट्याशी, एर्लिंदा कांदा चिरत असताना. त्यामुळे तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं, हे विचारायची बाईंना गरजच पडली नाही.

"मी मोंतेरेला जायचं ठरवलंय," बाई म्हणाल्या. "भावाकडे. एवढ्या घरात आता एकटीला करमत नाही. दोन फेब्रुवारीचा सण झाला की निघेन. मिरेयाला बरोबर नेते. तिथं नन्सच्या शाळेत घालीन, माझं आडनाव लावीन. एक कागद करावा लागेल, तो वकील बघतील. तू येत जा की वर्षातून एकदा भेटायला. बसचं भाडं मी देईन."

एर्लिंदानं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, बाई."

आता तुम्ही म्हणाल, ही बाई आहे की धोंडा? पोटची पोर मागताहेत आणि ही चकार शब्द काढत नाही? अहो, पण आमच्या पुएब्ला शहरात 'तुम्ही म्हणाल तसं' हा होकार नसतो. मोठ्या माणसानं हाक मारली की आपण म्हणतो, 'हुकूम करा'. काही सांगितलं की म्हणतो, 'तुम्ही म्हणाल तसं'. मग घरी जाऊन आपल्याला हवं ते करतो. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं. लग्नाचं आमंत्रण आलं की 'येतो, अगदी नक्की येतो' म्हणून छातीवर हात ठेवायचा आणि त्या दिवशी घरी बसून शेंगा सोलायच्या, अशी आमची जात. एर्लिंदाच्या आईनं त्या 'तसं'च्या आधीचं अडखळणं ऐकून लगेच ओळखलं असतं की पोरगी नाही म्हणतेय. पण बाईंना पन्नास वर्षांत नोकरमाणसांपैकी कुणी नाही म्हटलंच नव्हतं. त्यांना ते अडखळणं ऐकू आलं नाही.

त्यांनी एर्लिंदाच्या खांद्यावर हात ठेवला. "मला माहीत होतं, तू शहाणी आहेस," म्हणाल्या आणि डोळे टिपत बाहेर गेल्या. त्यांना कांदा लागला नव्हता. त्या खरंच रडत होत्या.

बाई वाईट नव्हत्या, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. वाईट असत्या तर सगळं किती सोपं झालं असतं!

एर्लिंदा तेराव्या वर्षी डोंगरातून खाली आली ती एका गाठोड्यानिशी. घरी नऊ तोंडं आणि मक्याची एक उतरती पट्टी, जिथं बी पेरायचं तर कमरेला दोर बांधून पेरायचं. पायात पहिले बूट चढले ते बाईंच्या घरात. तिची खोली गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ. एकोणिसाव्या वर्षी रुतिलियो नावाचा बसचा ड्रायव्हर भेटला. बस सुटते तसा तोही एक दिवस सुटला, आणि एर्लिंदाचं पोट पुढं आलं. दुसऱ्या कुठल्याही घरात त्याच संध्याकाळी गाठोडं दाराबाहेर पडलं असतं. बाई विधवा, मूलबाळ नाही. त्यांनी डॉक्टर बोलावला. "या अवस्थेत कुठे वणवण करशील?" म्हणाल्या. पोर झाली तेव्हा चर्चमध्ये तिला हातात धरून तिच्या डोक्यावर पाणी पडताना बाईच उभ्या राहिल्या. त्या मिरेयाच्या माद्रीना झाल्या, देवाच्या साक्षीनं दुसरी आई.

आणि आमच्याकडे मुलीच्या या दोन आया एकमेकींच्या कोण लागतात? कोमाद्रे. सख्ख्या बहिणीशी भांडलेलं देव माफ करतो, कोमाद्रेशी भांडलेलं करत नाही, अशी म्हण आहे. बाप्तिस्म्यानंतरच्या रविवारी एर्लिंदानं कौतुकानं, पाहुण्यांसमोर, कॉफी पुढे करत म्हटलं, "घ्या ना, कोमाद्रे." कुणीतरी खोकलं. नंतर बाई स्वयंपाकघरात येऊन गोड आवाजात म्हणाल्या, "चर्चमध्ये ठीक आहे गं. घरात आपलं बाईच म्हणत जा."

पहिल्या थंडीत पोरीला ताप आला म्हणून बाईंनी तिला गच्चीवरून खाली आणलं. ताप उतरला, पोर काही वर गेली नाही. बाईंच्या खोलीत पाळणा आला, पाळण्याचा पलंग झाला. पोरीला पियानो शिकवायला मास्तर येऊ लागले. घरातलं प्रत्येक माणूस एर्लिंदाला एर्लिंदाच म्हणायचं, मग पोर काय म्हणणार? "एर्लिंदा, माझे मोजे कुठेत?" "एर्लिंदा, दुधावर साय आहे, मी नाही पिणार." आणि आई गाळणी घेऊन धावायची. मिरेयाला ठाऊक होतं, एर्लिंदा आपली आई आहे. पण जसं आपल्याला ठाऊक असतं की पृथ्वी गोल आहे, तसं.

त्या मागणीनंतर सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, बाईंकडे नेहमीप्रमाणे गोल गोड पाव कापला. त्याच्या पोटात बोटाएवढी पांढरी बाहुली असते, आणि ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेलं सारण भरलेलं पीठ, खाऊ घालायचे. भलेभले लोक बाहुली गालात दडवतात, एका मामांनी तर गिळली होती. त्या वर्षी कुणाच्याच तुकड्यात निघेना. शेवटी उरलेला तुकडा स्वयंपाकघरात गेला, आणि एर्लिंदाच्या दाताखाली बाहुली लागली.

"एर्लिंदाला मिळाली! एर्लिंदाला मिळाली!" मिरेया नाचत सांगत सुटली.

"म्हणजे दरवर्षीसारखंच की!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. खरंच होतं ते. बाहुली कुणालाही मिळो, तमाल एर्लिंदाच करायची. पण बाई सामानाचे पैसे द्यायला आल्या तेव्हा तिनं हात मागे घेतला.

"नको बाई. बाहुली माझी, तर तमालही माझेच."

बाईंना गंमत वाटली. एर्लिंदाला मात्र स्वतःचंच नवल वाटलं, कारण या घरात 'नको' हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता.

सणाच्या आदल्या सकाळी ती मका दळायला बेनिताच्या गिरणीत गेली. बेनिता साठीची, एकटी, जीभ तिखट आणि गिरणीच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे तिच्याकडे गुपित असं काही राहायचंच नाही.

"काय गं, पोर देऊन टाकलीस म्हणे!" रांगेतल्या चार बाया वळून बघू लागल्या.

"दिली नाही अजून."

"मग, देणार नाही असं सांगितलंस?"

एर्लिंदा चुन्याच्या पाण्यातून उपसलेला मका उगाच चाळवत राहिली.

"म्हणजे दिलीसच! अगं, पोट काय भाड्यानं दिलं होतंस त्यांना?"

"ओरडू नका ना, बेनितामावशी." एर्लिंदा म्हणाली. "तिथं तिला शाळा आहे. डॉक्टर आहे. गरम पाणी आहे. माझ्याकडे काय आहे? मी तिला अडवलं आणि उद्या ती पण कुणाच्या तरी गच्चीवर झोपली तर? ते पाप कुणाचं?"

बेनितानं गिरणी बंद केली. हे ती सहसा करत नसे.

"ऐक. मला माझ्या आईनं काकूकडे दिलं होतं. काकू श्रीमंत. गादीवर निजले, रोज मटण खाल्लं, कुणी कधी बोट लावलं नाही. आणि साठ वर्षांची झाले तरी पहाटे जाग आली की एकच विचार येतो, मलाच का दिलं? पाच जणी होतो, मलाच का? आई मेली. आता विचारू कुणाला?" तिनं नाक शिंकरलं. "मागची खोली रिकामी आहे. पावसात गळते. कोंबड्या आहेत, माझं घोरणं आहे. पहाटे चारला मला दोन हात लागतात, आणि सातला बसथांब्यावर तुझे तमाल हातोहात खपतील. शाळा समोर आहे, सरकारी. भिंतीचे पोपडे निघालेत, पण मास्तरीण चांगली आहे. यायचं तर ये, नाहीतर रडत बस. आणि सर पुढे, मागे रांग आहे."

गिरणी पुन्हा घरघरू लागली. एर्लिंदा पिठाची बादली डोक्यावर घेऊन परत आली. वाटेत चार वेळा तिनं मनात 'नाही' म्हणून पाहिलं. घराचं दार आलं आणि शब्द कुठे गेला कोण जाणे.

सणाच्या दिवशी बारा पाहुणे येणार होते. एर्लिंदा सकाळपासून पीठ आणि डुकराची चरबी फेटत होती. चिमूटभर गोळा पेल्यातल्या पाण्यावर तरंगला की झालं. मक्याची पानं भिजवून, एकेकात पीठ, त्यात कोंबडी आणि काळसर तिखट रस्सा, वर घडी. मोठ्या पातेल्याच्या तळाला पाणी, त्यात एक नाणं, म्हणजे पाणी आहे तोवर ते खडखडत राहतं. शेवटचा थर ती रचत होती तेव्हा वकीलसाहेब आत आले. हातात कागद, खिशातून पेन काढलेलं.

"चल पोरी, जेवणाआधी उरकून टाकू. नाव लिहिता येतं ना? नाहीतर अंगठा चालेल."

"हात भरलेत, साहेब."

"मग जेवणानंतर." त्यांनी कागद मिठाच्या बरणीखाली सरकवला. "नशीबवान आहेस हं. अशी मालकीण शोधून सापडायची नाही."

"हो, साहेब," एर्लिंदा म्हणाली. मग तिनं झाकण असं आपटलं की भिंतीवरची पळी खाली पडली. आणि तसंच, त्याच हातांनी, पातेलं चुलीवर चढवलं.

ही तिची चूक. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल, तमाल रागावून चढवू नयेत. पातेलं रुसतं.

दीड तास झाला. नाणं खडखडत होतं, वाफ येत होती. तिनं एक तमाल उघडून पाहिला. पीठ पानाला चिकटलेलं, कच्चं. अर्ध्या तासानं पुन्हा पाहिला. कच्चाच. जाळ वाढवला, पाणी घातलं. अडीच तास झाले तरी तोच प्रकार. बाहेर पाहुण्यांची दुसरी बाटली संपत आली होती आणि एका म्हातारीचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "स्वयंपाकघरात कुणीतरी रागावलंय हो!"

बाई आत आल्या. मिरेयाही मागोमाग येऊन दारात उभी राहिली, पांढऱ्या झालरीच्या फ्रॉकमध्ये. बाई शिकलेल्या, पॅरिस पाहून आलेल्या, पण शेवटी पुएब्लाच्याच. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, आधी त्याची समजूत काढायला पानाच्या दोन पट्ट्या फाडून त्याच्या दोन्ही कानांना बांधल्या, मग विचारलं,

"कोण रागावलंय?"

"कुणी नाही, बाई."

"एर्लिंदा, बारा माणसं भुकेली बसलीत. ज्याचा राग त्यानं बोलून टाकायचा आणि पातेल्यापुढे नाचायचं. हे काय मी तुला शिकवू? कोण रागावलंय?"

एर्लिंदानं पातेल्याकडे पाहिलं. ते तिचं होतं. मका तिचा, चरबी तिची, सणाची यजमानीण ती. आणि घरात येऊन बसलेली माणसं तिच्या दारची पाहुणी, उपाशी.

"मी," ती म्हणाली.

"कुणावर?"

"तुमच्यावर, कोमाद्रे."

बाईंचा हात कानाच्या डुलाकडे गेला आणि तिथंच राहिला.

"माझ्यावर? मी तुला त्या पोटानिशी रस्त्यावर टाकलं नाही म्हणून?"

"नाही टाकलंत. त्यासाठी मी रोज रात्री तुमच्या नावानं मेणबत्ती लावते, आणि मरेपर्यंत लावीन. पण म्हणून पोर देणार नाही. सही करणार नाही. मिरेयाला मी आज माझ्याबरोबर बेनितामावशीच्या गिरणीवर घेऊन जाणार."

"तू हो म्हणाली होतीस!"

"मी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाले होते."

"मग तेच ते!"

"तेच ते नाही, आणि चूक माझी आहे. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, म्हणता आलं नाही, जीभ टाळूला चिकटली. आता म्हणते. नाही."

बाई तिपाईवर बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसल्या. "काय देणार आहेस तू तिला? सांग ना. गळकं छप्पर? कोंबड्या?" मग आवाज खाली आला. "ती रात्री माझ्या कुशीत निजते, एर्लिंदा. मी नसले तर तिला झोप लागत नाही."

"ठाऊक आहे मला. सात वर्षं मी वर गच्चीवर जागीच असते."

बाईंची नजर दारातल्या मिरेयाकडे गेली. त्या म्हणाल्या, "मग तिलाच विचार. बघू तुझी हिंमत. विचार तिला कुणाबरोबर जायचंय."

मिरेयाला विचारायची वेळच आली नाही. "माद्रीनाबरोबर!" ती दारातूनच ओरडली आणि धावत येऊन बाईंच्या गळ्यात पडली.

"ऐकलंस?" बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत विजय नव्हता, भीती होती.

"ऐकलं." एर्लिंदा पातेल्यापासून हलली नाही. "आई कोण हे सात वर्षांच्या पोरीला विचारून ठरत नसतं. आता उठा. राग दोघींचा आहे, एकटीच्या नाचण्यानं भागायचं नाही. पाहुणे उपाशी गेले तर नाव माझं जाईल."

आणि ती नाचली. ओले डोळे, पिठानं भरलेले हात कमरेवर, टाचा फरशीवर थाड थाड. बाई क्षणभर बघत राहिल्या. मग पोरीला खाली ठेवून, घोट्याला बांधलेल्या बारीक पट्ट्यांचे सोनेरी बूट सांभाळत, त्याही पातेल्यापुढे टाचा आपटू लागल्या. रडत होत्या दोघी. बाहेर पाहुण्यांना वाटलं, वा, मजा चाललीय आत.

अर्ध्या तासानं तमाल शिजले. पान हात लावताच सुटून येत होतं. रागामुळे अडले होते की सरपण ओलं होतं, ते तुम्ही ठरवा, मी पुएब्लाचा आहे. एर्लिंदानं स्वतः सगळ्यांना वाढलं. वकीलसाहेबांच्या ताटाशेजारी तिनं तो कागद बिनसहीचाच ठेवला. "सही नाही, साहेब. खाऊन घ्या, गरम आहेत तोवर." मग गच्चीवर जाऊन गाठोडं बांधलं. तेरा वर्षांत ते फारसं मोठं झालं नव्हतं.

बाईंनी अडवलं नाही. त्यांनी मिरेयाच्या अंगात कोट चढवला, बटणं लावायला त्यांना फार वेळ लागला, आणि मग त्या खोलीत जाऊन दार लावून बसल्या. पोर त्या दारावर धडका देऊ लागली. एर्लिंदानं तिला उचललं.

सात वर्षांची पोर हलकी नसते, त्यात ती लाथा झाडत असली तर विचारूच नका. मिरेया खांद्याला चावली. केस ओढले. "सोड मला! सोड, एर्लिंदा! मला घरी जायचंय!" रस्त्यावरची माणसं थांबून पाहू लागली, आणि पाहणारच, कारण दिसत काय होतं? झालरीच्या फ्रॉकमधली गोरीगोमटी पोर आणि तिला पळवून नेणारी एप्रन घातलेली, डोंगराकडची, सावळी बाई. कोपऱ्यावर फुलं विकणारीनं तर तिचा दंडच धरला.

"थांब! कुणाची पोर पळवतेस गं?"

"माझी आहे."

"तुझी? तुझी म्हणे! बाळ, ही तुझी आई आहे?"

मिरेयानं रडतारडता मान वर केली. "ही आमची मोलकरीण आहे!" ती किंचाळली. "हिला सांगा मला सोडायला!"

भोवती आणखी माणसं जमली. फुलवालीनं दंड आणखी घट्ट आवळला. "आता काय म्हणतेस?"

एर्लिंदाला धाप लागली होती, खांद्यावर चावल्याच्या जागी रक्त आलं होतं. पण आता तिची जीभ टाळूला चिकटली नाही.

"खरं बोलतेय ती," एर्लिंदा म्हणाली. "मोलकरीण होते. आज दुपारी ते काम सोडलं. आईचं सोडता येत नाही. पोलीस बोलवायचे तर बोलवा, नाहीतर हात काढा, मला उशीर होतोय."

फुलवालीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पोरीच्या. काय दिसलं तिला कोण जाणे. तिनं हात काढला.

मिरेया पुन्हा रडू लागली, जोरजोरात. "रड," एर्लिंदा म्हणाली. "हवं तितकं रड. मी कुठे जात नाही." तिचा एक हात भरून आला होता. तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं, गाठोडं सावरलं आणि ती गिरणीच्या रस्त्याला लागली.